बाटलीवरचा भुईकोट: सोलापूरच्या वास्तू आणि वाइनची लेबले

सोलापूर जिल्ह्यातील द्राक्ष म्हटले की आधी पंढरपूर तालुक्यातील बेदाणाच आठवतो. राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर अकलूज परिसरात सांजोवेझेसारख्या इटालियन जातींच्या वेली लागल्या आणि बाटलीवर कोणते चित्र लावावे, हा प्रश्न येथेही आला. २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव सोलापूरच्या बाटलीवर छापता येत नाही आणि सोलापूर गिऱ्हाइकाला ठाऊक आहे ते चादरीसाठी; त्यामुळे ओळख करून देण्याचे काम चित्रावर येते.

लेबलावर वास्तू छापण्याची रीत रुजली ती फ्रान्समधील बोर्दो या वाइनच्या प्रदेशात, एकोणिसाव्या शतकात शिळाछपाई स्वस्त झाल्यावर. तेथे लेबलावरचा ‘शातो’ (मळ्यावरची हवेली) हा शब्द शोभेचा नाही. युरोपीय नियमांनुसार तो त्याच मळ्यातील द्राक्षांपासून, त्याच मळ्यात तयार झालेल्या वाइनलाच लावता येतो. मराठीत त्याला कधी किल्ला, कधी गढी, कधी वाडा म्हटले जाते आणि घोळ तेथेच सुरू होतो. पुष्कळ शातो म्हणजे तटबंदी नसलेली, मळ्याच्या मालकाची घरे आहेत. अर्थाने त्यांना जवळची पडते ती पाटील-देशमुखांची गढी, कारण तिचे नाते भोवतालच्या शेतीशी असते. बहमनी काळातला मानला जाणारा सोलापूरचा भुईकोट हा मात्र लष्करी कोट. द्राक्षमळ्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून लेबलावर तो उगमाचा दाखला ठरत नाही, गावाची खूण ठरतो, आणि हा भेद लेबलावरच्या मजकुरात स्वच्छ दिसला पाहिजे.

खूण म्हणून त्याची ताकद मोठी आहे. तटाच्या चर्यांची, म्हणजे माथ्यावरच्या पाकळ्यांची, दातेरी रेषा लेबलाच्या वरच्या कडेला तशीच कापून घेतली आणि खाली जंग्यांचे, म्हणजे मारा करण्यासाठी तटात ठेवलेल्या छिद्रांचे, चार काळे ठिपके दिले, तर तळहाताएवढ्या कागदावरही कोट ओळखू येतो. तलावातले सिद्धेश्वराचे मंदिर याहून देखणे आहे, पण ग्रामदैवत मद्याच्या बाटलीवर येऊ नये.

दुर्लक्ष झाले आहे ते गावाच्या स्वतःच्या वारशाकडे. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. त्या काळी देशभरातील गिरण्यांचे तागे रंगीत तिकिटे चिकटवून बाजारात जात. त्यांवर देवदेवता, राजे, हत्ती आणि कधी खुद्द गिरणीची इमारत असे. बोर्दोच्या बाटलीवर हवेली जे सांगते, तेच ताग्यावरची गिरणी सांगत होती: माल येथे झाला. सोलापूरच्या लेबलाने भुईकोटाआधी गिरणीच्या विटांच्या चिमणीकडे पाहायला हवे होते.

एप्रिल २०१९ पासून मद्य आरोग्याला घातक असल्याच्या इशाऱ्याची अक्षरे मोठ्या बाटलीवर किमान ३ मिलिमीटर उंचीची असावी लागतात. मागचे लेबल मजकुरानेच भरते आणि वास्तूला उरते ते पुढचे. सोलापूर महापालिकेच्या इंद्रभवन या इमारतीचा शिल्पांनी भरलेला दर्शनी भाग तेवढ्यात मावत नाही. त्यातली एखादी कमान मावते.