पाचवीचं रडू आणि सव्वा महिन्यानंतरचं गप्प बसणं

माझ्या बाळंतपणात पाचवीच्या दिवशी मी भाकरीवरून रडले. मे महिना, अशोक चौकाजवळचं माहेर. लाइट गेली तशी शेजारच्या यंत्रमागांची खटखट थांबली, पंखाही थांबला. आईनं बाजरीच्या भाकरीवर तूप घालताना हात आखडता घेतला असं मला वाटलं, आणि डोळ्यांतून धाराच लागल्या. दहा मिनिटांत बाळाला शिंक आली आणि मी खुदकन हसले. आजी सटवाईसाठी कोरा कागद अन् पेन मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "दूध उतरताना रडू येतंच गं."

आजीचा अंदाज दिवसांच्या हिशेबात अगदी बरोबर होता. वार पडली की गरोदरपणात चढलेली इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं दोन-तीन दिवसांत झपाट्यानं खाली येतात. त्यात जागरण, टाक्यांची दुखण, छाती भरून आलेली. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मन हळवं व्हायला लागतं, चौथ्या-पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. डॉक्टर याला 'बेबी ब्लूज' म्हणतात. निम्म्याहून जास्त बाळंतिणींना ते होतं. औषध लागत नाही. झोप, गरम जेवण आणि बाळाला दोन तास सांभाळणारं कुणीतरी लागतं. (भेटायला येऊन तासभर बसणारी माणसं यात धरू नका.) थोडक्यात, हे रडू पाचवीला येतं, पण पाचवीला पुजलेलं नसतं. बारशाच्या आसपास ते ओसरायला हवं.

बारसं होऊन गेलं, दोन आठवडे उलटले आणि तरीही मन वर येत नसेल, तर ती गोष्ट वेगळी. ते बाळंतपणानंतरचं नैराश्य. ते पहिल्या महिन्यात सुरू होतं, कधी तिसऱ्या-चौथ्या महिन्यातही, आणि बऱ्याच जणींना तर गरोदरपणातच लागलेलं असतं. डोहाळजेवणाच्या फोटोत फुलांच्या वाडीखाली ते कुणाला दिसत नाही, इतकंच.

हे कळायला मला आमच्या गल्लीतली एक पोरगी कारण झाली. ती विड्या वळायची. बाळ तीन महिन्यांचं झालेलं, मांडीवर पुन्हा विड्यांचं सूप आलेलं. ती रडत नव्हती, म्हणून कुणाला शंका आली नाही. पान कापायला कात्री उचलायची आणि हात तसाच थांबायचा, पाच-पाच मिनिटं. सासू म्हणायची, आळशी झाली. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, बाळ झोपतंय, मलाच झोप येईना." थोड्या वेळानं हळूच, "याला दुसरी आई मिळाली असती तर बरं झालं असतं."

माझ्या मते सगळा फरक या दोन वाक्यांत आहे. पाचवीच्या रडूत बाळंतीण थकून कुठंही झोपते. नैराश्यात बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही. तिथं रडण्याच्या मध्ये हसू असतं. इथं बाळाकडं बघूनही काही वाटत नाही, आणि वाटत नाही म्हणून अपराधी वाटतं. भूक जाते, छातीत धडधडतं, आपण मेलेलं बरं असे विचार येतात. आधी एका डॉक्टरांनी तिला "पहिल्या वेळी होतं असं" म्हणून परत पाठवलं होतं. पहिल्या आठवड्यात ते खरं ठरलं असतं. तिसऱ्या महिन्यात नाही.

हे दुर्मीळ म्हणावं तर तसंही नाही. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला, त्यात हे प्रमाण साधारण २२ टक्के निघालं. तपासायला १९८७ सालची एडिंबरा प्रश्नावली आहे: मागच्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला 'हो' आलं तर बाकीचे गुण कितीही कमी असोत, वाट बघत थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा. सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घ्यावं, कारण त्यांच्या बिघाडातही असाच थकवा येतो.

आणखी एक प्रकार हजारात एखाद-दोघींना होतो: कानात आवाज येणं, भलतेच संशय, रात्ररात्र न झोपता भरकटलेलं बोलणं. "बाहेरचं झालंय" म्हणून अंगारा लावत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, बाईला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही.

आमच्या पोरीला शेवटी सिव्हिलच्या मनोविकार विभागात नेलं. सासूची पहिली शंका दुधाची होती: गोळ्या घेऊन बाळाला पाजायचं कसं? अंगावर पाजताना चालतील अशा नैराश्याच्या गोळ्या असतात. डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत. ज्यांना लगेच जाता येत नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

गोळी लागू पडायला काही आठवडे गेले. मग एका सकाळी ती उंबऱ्यात बसून बाळाच्या टाळूला तेल जिरवत होती. मला बघून म्हणाली, "लई खोडीचा झालाय ओ ताई, बघा की." सूप आत सासूच्या मांडीवर होतं.