हिमोफिलियाग्रस्त मुलांमधील मणक्यातील रक्तस्राव (ग्रामीण विदर्भ)

पाठीच्या कण्याच्या पोकळीत, मेरुरज्जूभोवती होणारा रक्तस्राव. हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजारात, रक्त बहुधा गुडघा, घोटा, कोपर अशा सांध्यांत किंवा स्नायूंत उतरते, कण्यात क्वचितच. पण तिथे उतरले की तास मोजावे लागतात. जागा हाडांनी बंदिस्त, त्यामुळे साचलेले रक्त मेरुरज्जूलाच दाबते. वेळेत फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारा घटक, मिळालेली अनेक मुले शस्त्रक्रियेविना पुन्हा चालू लागतात. उशीर झाला तर पायांतले बळ आणि लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

हिमोफिलिया ‘ए’मध्ये रक्त गोठवणारा आठवा घटक कमी असतो, ‘बी’मध्ये नववा. पहिला प्रकार साधारण ५,००० मुलग्यांमागे एकात, दुसरा सुमारे ३०,००० मुलग्यांमागे एकात आढळतो. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने तो आईकडून मुलाकडे येतो. म्हणून जाणकार डॉक्टर आधी मामाची चौकशी करतात: लहानपणी त्याचा गुडघा सुजायचा का, दात पडल्यावर रक्त थांबत नव्हते का. मामा धडधाकट निघाला म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो.

रक्त बहुतेक वेळा मेरुरज्जूच्या बाहेरच्या जाड आवरणाच्या, म्हणजे दृढतानिकेच्या, बाहेर साचते. तिथल्या शिरांच्या जाळ्याला झडपा नसतात. खोकला, ओकारी, जोराचे रडणे यांनी वाढलेला दाब थेट त्या शिरांवर येतो. लहान मुलांत ही जागा सैल असल्याने रक्त अनेक मणक्यांच्या लांबीवर पसरते, विशेषतः मानेपासून छातीच्या मागच्या भागापर्यंत. बैलबंडीवरून पडणे, ओट्यावरून घसरणे अशी कारणे कधी सापडतात, तर कधी काहीच सापडत नाही. ‘पोरगं पडलंच नाही’ हे आईचे म्हणणे खरे असू शकते, आणि त्यावरून रक्तस्राव नाही असे ठरवता येत नाही.

लक्षणे सुरुवातीला फसवी असतात. तान्हे बाळ काखेत हात घालून उचलले की किंचाळते, लंगोट बदलताना रडते, मान एका बाजूला धरून ठेवते. चालते मूल खाटेवरून उतरायला तयार होत नाही. ‘पाय टाकूनच नाही राह्यलं जी’ असे आई सांगते. हे वाक्य केसपेपरवर ‘चालण्यास नकार’ असे लिहिले की अर्धा अर्थ निघून जातो. मूल हट्टाने चालत नाही, दुखते म्हणून चालत नाही, की पायात बळच उरले नाही, हे तपासून पाहायचे असते. तळव्याला गुदगुल्या करून पाय ओढतो का ते बघावे, शेवटची लघवी कधी झाली ते विचारावे. दुपारपासून लंगोट कोरडा असेल आणि ओटीपोट फुगलेले असेल, तर मेरुरज्जू दबू लागल्याचा संशय घ्यायलाच हवा.

विदर्भात या दुखण्याला चुकीची नावे मिळण्याची सोय फार आहे. पहिले नाव उसण किंवा लचक. मग तेल लावून चोळणे येते, कुणी मान ‘बसवून’ देतो. पायाळू माणसाची लाथ पाठीला लागली की चमक जाते, अशीही जुनी समजूत आहे. धडधाकट शेतकऱ्याच्या कमरेला त्याने बिघडणारे फार काही नसेल. हिमोफिलियाच्या मुलाच्या पाठीवर चोळणे, ओढणे, लाथ यांतले काहीही चालत नाही.

दुसरे नाव सिकलसेल. पूर्व विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो, आणि त्यातही पाठ व हातपाय असह्य दुखतात. सिकलसेलचे दुखणे समजून कमरेत वेदनाशामक सुई टोचली गेली, तर स्नायूत नवा रक्तस्राव होतो आणि डायक्लोफेनॅकसारख्या औषधाने रक्तबिंबिकांचे कामही मंदावते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल द्यावे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळावे.

तिसरी चूक सर्वांत महागडी, आणि ती सुशिक्षित हातांकडून होते. ताठ मान आणि ताप दिसला की मेंदूज्वराच्या शंकेने पाठीतले पाणी काढायचा विचार होतो. फॅक्टर न देता कण्यात सुई घातली, तर नसलेला रक्तस्रावही सुरू होऊ शकतो.

उपचाराचा क्रम एका वाक्यात बसतो: आधी फॅक्टर, मग एमआरआय. संशय आला की तपासणीची वाट न पाहता घटकाची पातळी ८० ते १०० टक्क्यांवर नेतात. आठव्या घटकाचे दर किलो वजनामागे १ युनिट दिल्यास पातळी साधारण २ टक्के वाढते. १४ किलोच्या मुलाला १०० टक्क्यांसाठी ७०० युनिट लागतात. २५० आणि ५०० च्या कुप्या असतील तर दोन्ही फोडून पूर्ण ७५० द्याव्या. एवढ्या महागड्या औषधातले ५० युनिट फेकून देण्यात अर्थ नाही. नवव्या घटकाचे गणित वेगळे: १ युनिटने सुमारे १ टक्काच वाढ होते, आणि सुरुवातीचे लक्ष्य ६० ते ८० टक्क्यांचे असते. पावडर विरघळवताना कुपी जोराने हलवू नये, तळहातांत हळू फिरवावी.

एका डोसने काम भागत नाही. आठवा घटक ८ ते १२ तासांत निम्मा उरतो, म्हणून पहिला आठवडा डोस वारंवार द्यावे लागतात आणि पुढे कमी पातळीवर उपचार सुमारे तीन आठवड्यांपर्यंत चालू राहतो. दुखणे थांबले म्हणून चौथ्या दिवशी घरी जाण्याची घाई होते, विशेषतः सोयाबीन सोंगणीला किंवा कापूस वेचायला आलेला असेल तेव्हा. त्या घाईचे कारण समजण्यासारखे आहे, तरी मुलाला न्यायचे नसते.

फॅक्टर नसेल तर ‘ए’साठी क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मातून वेगळा काढलेला, आठवा घटक असलेला भाग) चालते, त्यात नववा घटक नसल्याने ‘बी’च्या मुलाला त्याचा उपयोग नाही, त्याला ताजा गोठवलेला प्लाझ्मा द्यावा लागतो. हे क्रायो रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या रक्तपेढीतच बनते, त्यामुळे तालुक्याच्या गावी ते मिळेल हे गृहीत धरू नये. काही मुलांच्या शरीरात दिलेल्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे इनहिबिटर, तयार होतात. त्यांना सक्रिय सातवा घटक किंवा तत्सम बायपास औषध लागते. रक्तस्राव टाळण्यासाठी एमिसिझुमॅब या औषधाची सुई घेणाऱ्या मुलालाही रक्तस्राव झाल्यास फॅक्टर किंवा, इनहिबिटर असल्यास, बायपास औषध वेगळे द्यावे लागते. शिवाय एमिसिझुमॅबमुळे एपीटीटी ही रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी नेहमीची चाचणी खोटीच चांगली दिसते, आणि त्या आकड्यावर विसंबणारा फसतो.

घटकाची पातळी टिकवून दर काही तासांनी पायांचे बळ आणि लघवी तपासत राहणे हाच बहुतेकांचा उपचार. बळ घटतच गेले, तर न्यूरोसर्जन मणक्याची मागची बाजू उघडून दाब कमी करतो. वाढत्या वयात असे केल्यास पुढे पाठीला बाक येण्याचा धोका असतो, म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय सहज घेत नाहीत. बरे झाल्यावर नियमित प्रतिबंधक फॅक्टर आणि व्यायामोपचार सुरू करावे लागतात.

प्रत्यक्षात सर्वांत अवघड भाग रस्त्याचा आहे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, मेळघाटाच्या वळणांतून. भामरागडहून नागपूरला पोहोचायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटत आला आहे. अशा ठिकाणी नागपूरला गेल्यावर पहिला डोस देऊ म्हणणे म्हणजे तो न देण्यासारखेच. म्हणून आपत्कालीन डोस घराजवळ, २ ते ८ अंश तापमानात, ठेवायला हवा: प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीच्या फ्रिजशेजारच्या वेगळ्या फ्रिजमध्ये किंवा ज्याच्याकडे फ्रिज आहे अशा किराणा दुकानदाराकडे. वीज गेली तर फ्रिज उघडायचा नाही. १०८ ची रुग्णवाहिका निघताना औषधाचा डबा आईच्या मांडीवर आणि मुलाचे कार्ड, ज्यावर आजाराचा प्रकार, घटकाची पातळी, वजन आणि इनहिबिटर आहे की नाही हे लिहिलेले असते, वडिलांच्या खिशात असावे. बाजूला बसलेल्या डॉक्टरला ते कार्ड वाचता आले, तर पहिली सुई गाडीतच टोचता येते.