बोअरला ब्लॉक आणताय? पिस्टन सोबत आणा
(पहिल्यांदाच गाडीचं इंजिन खोलणाऱ्या ग्राहकांसाठी)

घरी किंवा मित्राच्या गॅरेजात स्वतःच्या हातानं इंजिन खोलणारी पोरं हल्ली उद्यमनगरात बरीच येतात. हौस चांगली आहे, आमची काही हरकत नाही. बोअर मारणं म्हणजे ब्लॉकमधलं पिस्टनचं झिजलेलं भोक मशीनवर थोडं मोठं करून नव्या पिस्टनला बसतं करणं. तक्रार एकच. ब्लॉक पिशवीतून काढून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "पॉइंट पन्नासचा बोअर मारून ठेवा मालक, पिस्टन नंतर घेतो." असा ब्लॉक आम्ही मशीनवर चढवत नाही. गडहिंग्लज-निपाणीहून आलेल्या माणसाचा त्यात एक हेलपाटा होतो, म्हणून हे कागदावर छापलंय.

०.५० (म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा) हे पिस्टनच्या डब्यावरचं नाव झालं. बोअर कितीचा मारायचा हे तो पिस्टन हातात घेऊन मायक्रोमीटर लावल्यावरच ठरतं. पिस्टन दिसायला गोल असला तरी किंचित लंबगोल असतो आणि वर निमुळता होत जातो. त्यामुळे माप घ्यायचं ते खाली स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या घेरावर), गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात. दोन कंपन्यांचे ०.५० चे पिस्टन मोजले तर आकडा थोडा मागेपुढे निघतो. पिस्टन आणि बोअरमधला गाळा, म्हणजे मोकळी जागा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा असतो. तिथं हा "थोडा" फरकही भारी पडतो. गाळा कमी राहिला तर तापल्यावर इंजिन धरतं, म्हणजे पिस्टन जाम होतो. जास्त झाला तर थंड असताना खडखड आणि नंतर ऑइल खाणं. मग गाडीवाला आमच्याच नावानं बोटं मोडतो.

पिस्टन आमच्याकडूनच घ्या असं नाही. नेहमीच्या गाड्यांचे आम्ही ठेवतो, बाहेरून आणलात तरी बोअरची मजुरी तीच. फक्त रिंगा, गजन पिन आणि लॉकसकट (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्यांसकट) पूर्ण किट आणा. जुनी लॉकं परत वापरू नका. सुटलेलं लॉक नव्या बोअरला उभी चर पाडतं.

साइजही आधी ठरवून येऊ नका. ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशा पायऱ्या असतात. बोअर वरच्या बाजूला जास्त झिजतो आणि अंडाकार होतो, म्हणून आम्ही वर, मधे, खाली आणि आडवं-उभं डायल गेज फिरवतो. ०.२५ मध्ये साफ होत असेल तर तेवढंच काढतो. काहीजण पॉवर वाढेल म्हणून थेट १.०० मागतात. स्प्लेंडरचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४९.५. एक मिलिमीटर वाढवून ९७.२ सीसीचे जेमतेम १०१ होतात. चार सीसीसाठी पुढचे सगळे बोअर आजच संपवायचे का, ते तुम्हीच ठरवा. आर-१५, ड्यूकसारख्या बिनस्लीव्हच्या (आत लोखंडी नळी नसलेल्या) ब्लॉकना हा बोअर मारताच येत नाही. आधी विचारा.

खोलण्याआधी धूर नीट बघा. रात्रभर उभी गाडी चालू करताना भपकन निळा धूर येऊन थांबत असेल, तर बहुतेक वॉल्व्ह सील किंवा गाइडचं काम असतं. त्यासाठी ब्लॉक बोअर करू नका. हेड घेऊन या. आणि कनेक्टिंग रॉड हातानं डावी-उजवीकडं थोडा सरकतो म्हणून क्रँक गेला असं समजू नका. तेवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. वर-खाली जरा जरी प्ले जाणवला, तर मात्र क्रँक आणा. आम्ही नवीन रॉड किट प्रेस करून देतो.

"समोर उभा राहतो, तासात द्या" असं म्हणू नका. होनिंगनंतर (बोअर दगडानं घासून शेवटचं माप आणि बारीक रेघा देतात, त्यानंतर) ब्लॉक तापलेला असतो, थंड झाल्याशिवाय खरं माप मिळत नाही. सकाळी दिलात तर संध्याकाळी मिळतो. खंडेनवमीला मशीन बंद असतं.

ब्लॉक घरी नेल्यावर नुसता पेट्रोलनं धुऊन बसवू नका. होनिंगची बारीक पूड रेघांत बसते, ती पेट्रोलनं निघत नाही. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश घ्या, चांगलं घासा, लगेच कोरडं करून ऑइल लावा. मग पांढरं फडकं आतून फिरवा. करडं झालं तर परत धुवा. आम्ही धुऊनच देतो, तरी एकदा करा. ही पूड राहिली की नव्या रिंगा आठवड्यात झिजतात आणि भांडण आमच्याशी होतं.

बसवताना प्रत्येक रिंग आधी बोअरमध्ये घालून, पिस्टननं सरळ ढकलून, फिलर गेजनं (पातळ पट्ट्यांच्या मापानं) रिंगेच्या दोन टोकांमधला गॅप बघा. गेज नसेल तर इथं येऊन बघा, पैसे घेत नाही. रिंगेवरचं अक्षर वर. पिस्टनवर "आयएन" असेल तर ती बाजू कार्ब्युरेटरकडं.

पहिले काही दिवस गाडी एकाच स्पीडला ताणू नका आणि पहिल्याच रविवारी डबल सीट जोतिबाला चढवू नका. पाचशे किलोमीटरच्या आत ऑइल बदला. ब्लॉकसोबत पिस्टनचं माप आणि गाळा लिहिलेली चिठ्ठी देतो, ती गाडीच्या कागदात ठेवा. पुढच्या वेळी ती आणलीत तर कितवा बोअर चाललाय ते आम्हाला शोधत बसावं लागत नाही.