सायकलवरच्या कसरती आणि खानदेशातला सराव

सायकलचा तोल मुद्दाम नेहमीपेक्षा वेगळ्या जागी नेऊन तिथे तो सांभाळणे म्हणजे सायकलवरची कसरत. हात सोडून चालवणे, सायकल जागच्या जागी उभी धरणे, पुढचे चाक उचलून मागच्या चाकावर जाणे म्हणजे व्हीली, आणि दोन्ही चाकांसह उडी घेणे म्हणजे बनी हॉप, हे त्यातले मुख्य प्रकार. २० इंची चाकांच्या बीएमएक्स सायकलींनी त्यांना स्पर्धेचे रूप दिले. बीएमएक्सची शर्यत २००८ साली बीजिंग ऑलिम्पिकमध्ये आली. कसरतींची फ्रीस्टाइल स्पर्धा २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये. गावांना मात्र कसरती आधीपासून ठाऊक होत्या. बाजाराच्या मैदानात दिवसच्या दिवस खाली न उतरता रिंगणात सायकल फिरवणारा खेळवाला अनेकांनी पाहिला आहे. मोठ्यांच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारणे हीसुद्धा कसरतच होती.

खानदेशात सरावाची जागा ऋतू ठरवतो. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पुढचे चाक भेगेत अडकले, की चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. पावसाळ्यात तीच माती चाक आणि मडगार्डमध्ये घट्ट बसते. कापूस निघालेले शेत मोकळे दिसले तरी पऱ्हाट्यांचे खुंट उभे असतात. तिथे सराव करूच नये. दाबून बसलेल्या मातीचे किंवा आखूड गवताचे मैदान सर्वांत बरे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून पहाटेची वेळ धरावी. रस्ता तर पूर्ण वर्ज्य. धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. अशा वाहतुकीत हात सोडून सायकल चालवणाऱ्याला चूक सुधारायला क्षणही मिळत नाही.

पहिला धडा पडण्याचा. पडताना हात आपोआप पुढे जातो आणि मनगट किंवा कॉलरबोन मोडते. त्याऐवजी कोपर दुमडून, हनुवटी छातीशी घेऊन खांद्यावरून लोळायचे. हे आधी सायकलशिवाय, गवतावर करून पाहावे. डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट हवेच. जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. पायात चप्पल नको, बूट हवेत. ओढणी आणि सैल पायजमा साखळीपासून दूर बांधून घ्यावा.

व्हीलीसाठी सीट खाली घ्यावी, गिअर असल्यास हलका लावावा आणि चालत्या माणसाच्या वेगाने जावे. जोराचा पाय वरून किंचित पुढे आला की पायडल दाबायचे आणि त्याच वेळी हात सरळ ठेवून अंग मागे टाकायचे. नुसत्या हातांनी चाक ओढू पाहणारा लवकर थकतो; चाक उचलते ते पायडल आणि मागे गेलेले वजन. माणूस आणि सायकल यांचे एकत्रित वजन मागचे चाक जिथे टेकते त्याच्या बरोबर वर आले की तोल सापडतो. ते त्याच्या मागे गेले की पाठीवर आपटणे आलेच. तिथे वाचवतो मागचा ब्रेक. तो हलका दाबताच पुढचे चाक खाली येते. म्हणून तो कोणत्या हाताला आहे हे आधी पाहावे आणि एक बोट सतत त्यावर ठेवावे. चाक वीतभर उचलून ब्रेकने खाली आणणे, एवढाच सराव पहिले काही दिवस पुरे. अनेक मुले हा भाग वगळतात आणि पाठ शेकून घेतात. जुन्या काळ्या सायकलींचे सळईचे ब्रेक इतके हळुवार दाबता येत नाहीत, त्यामुळे व्हीलीसाठी त्या नकोत.

जागच्या जागी उभे राहण्याचा सराव कमी धोक्याचा. तोही आधी करता येतो. उडीसाठी आधी मातीत ओढलेली रेघ ओलांडावी, मग पऱ्हाटीची वाळकी काडी आडवी ठेवावी. चाक लागलेच तर काडी मोडते, माणूस पडत नाही. वीट त्यानंतर.