सरस कमजोर नसतो, घाईत बिघडवला जातो

जुन्या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची लाकडी पट्टी, सुटला की ‘सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद) कच्चा, इपॉक्सीच (दोन भाग मिसळून लावायचा कृत्रिम गोंद) लावा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. पोलादी तारांचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास असतो आणि नीट लावलेला सरस तो दशकानुदशके पेलतो. वाळल्यावर तो काचेसारखा कडक होतो, सरकत नाही. पुढे कधी ब्रिज काढायचा झाला तर उष्णता आणि ओलावा पुरतो. इपॉक्सी मात्र बहुधा लाकडाचे तंतू उपटून निघते, आणि ते नुकसान भरून काढणे कठीण असते.

सांधा सुटतो तो बहुधा कृतीतल्या चुकीने. एक भाग दाणेदार सरस वजनाने दुप्पट थंड पाण्यात फुगेपर्यंत भिजवा, मग गरम पाण्यात भांडे ठेवून ६० अंश सेल्सिअसवर वितळवा. उकळला तर ताकद गेलीच. जुना पांढरा गोंद असेल तर तो पूर्ण खरवडा, त्यावर सरस धरत नाही. ब्रिज आधी कोमट करा आणि क्लॅम्प (दाबून धरणारे शिकंजे) सरस न लावता कोरडेच लावून पाहा, कारण हाताशी जेमतेम मिनिटभर असते. सरस आधीच थिजला तर जाड, ठिसूळ थर उरतो. क्लॅम्प २४ तास ठेवा. तारा आणखी दोन दिवसांनी चढवा.