घाट उतरताना न्यूट्रल टाकला की पेट्रोल वाचतं? नाही वाचत!

ताम्हिणी असो नाहीतर आंबोली, उतार लागला की बाईक न्यूट्रलला टाकायची, काहीजण तर इंजिनच बंद करतात, आणि का विचारलं तर म्हणे पेट्रोल वाचतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांवर थोडंफार वाचायचं, तिथूनच हे सुरू झालं. पण २०२० पासून बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) आल्यावर नव्या बाईक जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या (कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो त्या) आहेत, आणि गाडी गिअरमध्ये असताना थ्रॉटल पूर्ण सोडला की बहुतेक गाड्यांचा इसीयू, म्हणजे हाच कॉम्प्युटर, पेट्रोल बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातंच. म्हणजे उलटाच हिशोब!

आणि पेट्रोल सोडा हो, खरा धोका ब्रेकचा आहे. न्यूट्रलला इंजिन गाडीला अजिबात अडवत नाही, सगळा भार ब्रेकवर, सतत दाबून ते तापतात, ड्रम असेल तर पकड कमी होते आणि डिस्क ब्रेकमधलं ऑइल उकळलं की लिव्हर दाबला तरी नुसता आत जातो. नवीन डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल न उकळता २३० डिग्रीपर्यंत टिकतं पण ओलावा शोषून ते १५५ च्या आसपास येतं, म्हणून जुनं ऑइल वेळेत बदलाच.

ज्या गिअरमध्ये चढ चढला असता साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा नाहीतर तिसरा. वळणाच्या आधीच स्पीड कमी करा, दोन्ही ब्रेक वापरा, मध्ये मध्ये सोडत राहा. मागे कोणी बसलं असेल तर अजून एक गिअर खाली, प्लीज.