भूप शोधायचा तर कोणत्या ॲपवर?

भूप राग ऐकावासा वाटला म्हणून संगीताच्या एखाद्या ॲपवर तो शोधून पाहा. रोमन लिपीत त्याची चार-पाच स्पेलिंगं चालतात आणि प्रत्येकाचे निकाल वेगळे. एकात किशोरीताई आमोणकरांचं 'सहेला रे' वर येतं, दुसऱ्यात पहाटेच्या भूपाळ्या, तिसऱ्यात 'गाढ झोपेसाठी' म्हणून पावसाच्या आवाजावर चढवलेली बासरी. जाहिरात मात्र सांगत असते की आमच्याकडे २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ मिळतं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात दोन कलाकारांच्या मधल्या वेळात, चहाच्या रांगेत हल्ली हीच चर्चा असते. "काका, तुम्ही लॉसलेस घ्याच. तानपुरा काय लागलेला ऐकू येतो!" काका मान डोलावतात आणि घरी जाऊन नातवाला विचारतात की लॉसलेस म्हणजे काय. (मुद्रणातलं काहीही न गाळता साठवलेला आवाज, तो लॉसलेस.)

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. ते साठवायचे तर सेकंदाला ठरावीक वेळा मोजून आकड्यांत लिहावे लागतात. सीडीसाठी हा दर ठरला सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक नोंद १६ बिटची, म्हणजे शून्य-एकाच्या १६ घरांची. डावी-उजवी अशा दोन्ही वाहिन्या धरल्या की सेकंदाला १४ लाख ११ हजार बिट होतात, म्हणजे १४११ केबीपीएस. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झमधलं (सेकंदाला तेवढी कंपनं) ऐकतो, आणि नायक्विस्ट-शॅनन प्रमेय सांगतं की सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेगाने नोंदी घेतल्या तर मूळ लहर जशीच्या तशी पुन्हा उभी करता येते. दोन नोंदींच्या मधे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, हरवते, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तसं काही होत नाही. १९२ किलोहर्ट्झने नोंदी घेतल्या तर ९६,००० हर्ट्झपर्यंतची कंपनं साठवता येतात. वटवाघळांना त्यांचा उपयोग होईल. त्यातून वय वाढतं तशी वरची कंपनं आधी ऐकू येईनाशी होतात. साठीनंतर बऱ्याच जणांचा कान १०-१२ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही टिपत नाही. सवाईच्या भारतीय बैठकीवर एक नजर टाका आणि १९२ किलोहर्ट्झचं गिऱ्हाईक कोण ते ठरवा.

बिटांचंही तेच. १६ बिटांत सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजामधलं ९६ डेसिबलचं अंतर मावतं, २४ बिटांत १४४. रात्रीच्या शांत खोलीतही तीसेक डेसिबलचा आवाज असतोच. सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटबद्दल तर बोलायलाच नको. २४ बिट स्टुडिओत, मुद्रणावर काम करताना लागतात. ऐकताना १६ पुरतात.

फरक पडतो तो याच्या दुसऱ्या टोकाला, फाइल लहान करताना. एमपीथ्री, एएसी, ऑग व्हॉर्बिस या पद्धती कानाच्या एका सवयीवर उभ्या आहेत. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळपासच्या कंपनसंख्येचे हलके आवाज कानाला जाणवत नाहीत, झाकले जातात. जे झाकलं जाणार ते जाडंभरडं लिहिलं तरी चालतं, आणि १४११ केबीपीएसचा ऐवज ३२० किंवा १२८ मध्ये बसवता येतो. एमपीथ्रीच्या घडणीत महत्त्वाचा वाटा असलेले जर्मन अभियंते कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी जे गाणं वापरलं त्यात एकही वाद्य नव्हतं, होता तो सुझान व्हेगा या गायिकेचा एकटा आवाज. बिटं कमी केली की तो विद्रूप व्हायचा, कारण दोष झाकायला शेजारी दुसरं काही नव्हतं. ढोल-गिटारच्या गदारोळात खपून जाणारी चूक एकट्या आवाजात उघडी पडते. विलंबित ख्यालाची सुरुवात आठवा: एक गळा, एक तानपुरा, तबला अजून लागायचा आहे. लपायला जागाच नाही.

त्यातून तानपुरा हे मुळात अवघड प्रकरण. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनसंख्यांच्या बारीक स्वरांचा) स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा भौतिकशास्त्राचा यंग-हेल्महोल्ट्झ नियम आहे. तानपुरा तो पाळत नाही, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवून दिलं. कारण घोडीची किंचित गोलाई आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेलं सूत, म्हणजे आपली जवारी. तार घोडीला सतत चाटत राहते, आणि ऊर्जा खालच्या उपस्वरांतून वरच्यांत सरकत जाते. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा १३८.६ हर्ट्झचा धरला तर त्याचा तिसावा उपस्वर ४१५८ हर्ट्झवर येतो, कानाच्या अगदी टप्प्यात. असे डझनावारी बारीक उपस्वर, प्रत्येक क्षणाला कमीजास्त होणारे. ९६ किंवा १२८ केबीपीएसवर पद्धतीला ते सगळे लिहिणं परवडत नाही. मग त्यातला एखादा क्षणभर गायब होतो, पुन्हा येतो, आणि तानपुरा पाण्याखालून वाजत असल्यासारखा डुचमळतो.

तबल्याचं दुखणं वेगळं. एमपीथ्री आवाजाचे तुकडे पाडते, १,१५२ नोंदींचा एक तुकडा, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंद. तुकड्याच्या मधे 'ना'चा कडक आघात पडला तर त्याला लागू केलेला जाडेपणा तुकड्याच्या सुरुवातीपर्यंत पसरतो, आणि आघाताच्या आधीच एक पुसट खसखस ऐकू येते. ती टाळायला लहान तुकड्यांची सोय आहे, पण बिटं कमी असतील तर तीही अपुरी पडते. रेल्यात, म्हणजे तबल्याच्या जलद बोलांच्या रचनेत, सेकंदाला दहा-बारा बोल सहज येतात, तिथे २६ मिलिसेकंद म्हणजे दोन बोलांमधल्या अंतराचा पाव भाग. तबल्याच्या किनारीचा तो टणत्कार जाऊन बोल गोल गोल ऐकू येतात.

हे दोन्ही दोष २५६ किंवा ३२० केबीपीएसला इतके कमी होतात की बहुतेकांना ते ओळखता येत नाहीत. खरं-खोटं घरीच करता येईल. एकाच मुद्रणाचा पहिला अर्धा मिनिट घ्या, सेटिंग बदलायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या, तुम्ही स्क्रीनकडे पाठ करून बसा आणि दर वेळी कुठलं चालू आहे ते सांगा. आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी ठेवायला विसरू नका, कारण किंचित मोठा आवाज कानाला 'चांगला' वाटतो. दहापैकी नऊ वेळा बरोबर आलात तर लॉसलेस जरूर घ्या. पाच-सहा वेळा आलात तर ते नाणेफेकीइतकंच झालं.

आणि ब्लूटूथवर ऐकत असाल तर वाद मिटलाच. ब्लूटूथ हेडफोनपर्यंत आवाज पुन्हा एकदा आकुंचित होऊनच जातो. ब्लूटूथवर लॉसलेस पोचत नाही हे ॲपल स्वतःच सांगते. तारेचा बरा हेडफोन हा ॲपपेक्षा मोठा बदल आहे.

जुन्या मुद्रणांच्या बाबतीत लॉसलेसची एक गंमत आहे. फ्लॅकसारखी पद्धत आधीच्या नोंदींवरून पुढची किती असेल याचा अंदाज बांधते आणि फक्त अंदाज किती चुकला तेवढं लिहिते. सुरेल आवाजाचा अंदाज चांगला लागतो. खरखरीचा लागतच नाही. म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी फ्लॅकमध्ये भरली तर तिच्यातली बरीच जागा खाँसाहेबांच्या झिंझोटीला न जाता तबकडीच्या खरखरीला जाते, तीही एकही कण न गमावता. १९२५ च्या आधी तर मुद्रण भोंग्यासमोर गाऊन व्हायचं, आणि काही हजार हर्ट्झच्या वरचं मुळात तबकडीवर उतरतच नव्हतं. अशा ऐवजाला १२८ केबीपीएसनेही काही बिघडत नाही.

तबकडीच्या वेगाने मात्र बिघडतं. ७८ हा आकडा नंतर पक्का झाला, सुरुवातीच्या तबकड्या त्याच्या आगेमागे फिरायच्या. स्पूल टेपच्या नकलांमध्येही वेग सरकतो. अर्ध्या स्वराचं अंतर म्हणजे सुमारे ५.९ टक्के. टेप तेवढी जलद फिरली की काळी एकमधला गवई पांढरी दोनमध्ये जातो, ५० मिनिटांची मैफल ४७ मिनिटांत आटोपते आणि तान उगाचच जास्त तयार वाटते. एकाच मैफलीची दोन ठिकाणची मुद्रणं वेगवेगळ्या सुरात सापडतात ती अशी. कुठलंच ॲप हे सांगत नाही.

ॲप आणखी एक ढवळाढवळ करतं. सगळी गाणी सारख्याच आवाजात वाजावीत म्हणून प्रत्येकाची पातळी मोजून वरखाली केली जाते. स्पॉटिफायवर ती साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या पातळीचं माप) आणतात. सिनेमाच्या गाण्यांना हे ठीक. पण आलाप, विलंबित आणि द्रुत असे तीन तुकडे यादीतून वेगवेगळे वाजले तर हलका आलाप वर उचलला जातो आणि गायकाने अर्धा तास बांधत नेलेली चढण सपाट होते. सेटिंगमध्ये 'नॉर्मलायझेशन' किंवा 'साउंड चेक' असेल ते बंद करा. क्रॉसफेडही बंद करा, नाहीतर भैरवीच्या शेवटावर पुढचं गाणं चढतं.

आता शोधण्याकडे येऊ, कारण माझ्या मते निवड इथेच व्हायला हवी. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या अलूरकरांच्या कॅसेट-सीडीच्या दुकानात काउंटरपलीकडच्या माणसाला राग, गवई, साथीदार सगळं ठाऊक असायचं. ॲपला ठाऊक असतं ते कंपनीने भरून पाठवलेल्या रकान्यांतलं. एमपीथ्रीसाठी १९९६ मध्ये आलेल्या आयडीथ्री टॅगमध्ये सगळी माहिती मिळून १२८ बाइट होती: नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. पुढे रकाने वाढले, पण गाणं-कलाकार-अल्बम हा सांगाडा तोच राहिला. राग, ताल, लय, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मैफल कुठली, याला जागा नाही. लोक ते सगळं नावाच्याच रकान्यात कोंबतात, आपापल्या स्पेलिंगने. ॲपल म्युझिक क्लासिकल २०२३ मध्ये आलं ते हाच सांगाडा बदलायला. पण त्याची मांडणी संगीतकार, रचना, रचनेचे भाग अशी, म्हणजे बाख-बेथोव्हेनसाठी केलेली. ज्या बंदिशीचा कर्ता 'सदारंग' किंवा 'पारंपरिक' असतो आणि जिचं सगळं सोनं गाणाऱ्याच्या बढतीत, रागाच्या विस्तारात असतं, ती तिथे अवघडून बसते.

संगणकाने स्वतःच राग ओळखावा, तर तेही सोपं नाही. आधी सा कुठे आहे ते शोधायला लागतं, कारण आपला सा गळ्याप्रमाणे बदलतो. मग कोणते स्वर किती वेळ लागले ते मोजता येतं, पण भूप आणि देशकार दोघांचेही स्वर सा रे ग प ध. एकाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, दुसऱ्याचा धैवत. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचीही तीच कथा. नुसती स्वरांची मोजदाद इथे अपुरी पडते, चलन, म्हणजे स्वरांची ये-जा, पकडावं लागतं. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात कॉम्पम्युझिक प्रकल्पात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतावर असं काम झालं. आपल्या फोनमधल्या शोधात अजून त्याची झुळूकही लागलेली नाही.

मग काय घ्यावं? एचएमव्हीचा, म्हणजे आताच्या सारेगामाचा, जुना खजिना मोठ्या ॲपवर बऱ्यापैकी मिळतो, तेव्हा त्यावरून भांडण नको. पाश्चात्त्य अभिजात ऐकत असाल तर ॲपल म्युझिक निःसंशय. क्लासिकल ॲप त्याच वर्गणीत येतं आणि लॉसलेसला जादा पैसे नाहीत. नुसतं हिंदुस्थानी ऐकायचं असेल तर माझा कौल यूट्यूब म्युझिकला. त्याचा दर्जा २५६ केबीपीएसवर थांबतो हे खरं, पण यूट्यूबवर रसिकांनी चढवलेल्या मैफली तिथे शोधात येतात, आणि दुर्मीळ गाणं बहुतांशी तिथेच आहे. अर्थात त्यातलं काय हक्काचं आणि काय बिनहक्काचं, हे तुम्ही-आम्ही ठरवू शकत नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, आणि खासगी मैफलीचा हिशोब त्याहून गुंतागुंतीचा. स्पॉटिफायने २०२५ मध्ये लॉसलेस आणलं, ॲप वापरायलाही सुटसुटीत आहे. पण तिथे ३० सेकंद ऐकलं की एक वादन मोजलं जातं, मग गाणं तीन मिनिटांचं असो की ५५ मिनिटांचा दरबारी. २०२४ पासून तर वर्षभरात १००० वादनं न झालेल्या मुद्रणाला तिथे मानधनच मिळत नाही. नवोदित ख्यालगायकाचं गणित यात कसं बसायचं? फुकटात ऐकायचं तर आकाशवाणीची २०१६ पासून चालू असलेली चोवीस तासांची 'रागम' वाहिनी न्यूजऑनएअर ॲपवर आहे, आणि तिथे निदान कोण काय गातंय हे निवेदक सांगतो.

यातलं कुठलंही ॲप कायमचं नाही. एअरटेलचं विंक हे संगीताचं ॲप २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा लोकांना जमवलेल्या याद्यांची सोय दुसरीकडे बघावी लागली. म्हणून मनात भरलेल्या मुद्रणाची नोंद वहीत असू द्या: कलाकार, राग, बंदिशीचे शब्द, तबल्यावर कोण, आणि कालावधी मिनिट-सेकंदांसह. शिवाय पेटीवर सा कुठल्या पट्टीत आहे तेही बघून लिहा. पुढच्या ॲपवर तेच मुद्रण चुकीच्या नावाने किंवा पळवलेल्या वेगाने समोर आलं, तर ओळखायला या शेवटच्या दोन नोंदी सर्वांत आधी उपयोगी पडतात.